बेसबॉल: ऑपरेशननंतर चांगला चालणारा पिचर ऐन मोक्याला बाहेर बसवला, बरोबर केलं का?

भुसावळचा_भो
बुमराहवरून आमच्या टपरीवर अजून भांडणं होतात, पाठीचं ऑपरेशन झालेला माणूस, २०२५ ला इंग्लंडमधे ५ पैकी ३ च टेस्ट खेळला म्हणून. त्या नादात बेसबॉलची एक जुनी केस वाचली अन् डोकंच फिरलं. स्टीफन स्ट्रासबर्ग, वॉशिंग्टन नॅशनल्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. २०१० ला पहिल्याच मॅचमधे १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमधे बॅटर आउट), त्याच वर्षी कोपराचं लिगामेंट गेलं, टॉमी जॉन सर्जरी. २०१२ ला फुल सीझन टाकायला लागला, १५ मॅच जिंकला ६ हरला, टीम टॉपला, वॉशिंग्टनमधे १९३३ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ येणार, अन् सप्टेंबरमधे मॅनेजमेंट म्हणे १५९ इनिंग (एका मॅचला ९ असतात) झाल्या, आता बस. काबरं भो? कोपर तर ठीक होतं त्याचं. पुढे पहिल्याच सिरीजमधे सेंट लुईस कार्डिनल्सकडून हारले. तुम्ही असते तर काय केलं असतं?

रावेर_केळीवाला
मी तर खेळवला असता. असा सीझन दरवर्षी येतो का? पुढची ६ वर्ष त्यांनी एकही प्लेऑफ सिरीज जिंकली नाही, लोक शिव्या देत राह्यले मॅनेजर माइक रिझोला.

धुळ्याची_फिजिओ
रिझो जनरल मॅनेजर, म्हणजे टीम बांधणारा होता दादा, ग्राउंडवरचा मॅनेजर डेव्ही जॉन्सन. असो. सर्जरीत तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा टेंडन बसवतात, बऱ्याचदा मनगटाजवळचा, अन् त्या टेंडनला लिगामेंटसारखं काम करायला शिकायला वर्ष दीड वर्ष लागतं. बाहेरून जखम भरली, स्पीड आला, म्हणजे आत सगळं झालं असं नसतं, माझे पेशंट पण दुखायचं थांबलं की तिसऱ्या दिवशी बॉलिंगला जातात! रिवाइंडिंग करून आणलेली मोटर पहिल्याच दिवशी रात्रभर चालवता का तुम्ही? अन् त्यांनी हे अचानक नाही केलं, आदल्या वर्षी जॉर्डन झिमरमनला असंच १६१ इनिंगवर थांबवलं होतं, त्याची पण हीच सर्जरी झालेली. तेव्हा कोणी ओरडलं नाही कारण टीम शर्यतीत नव्हती.

रावेर_केळीवाला
तेच तर ताई, शर्यतीत नसताना बसवायला काय जातं.

चाळीसगाव_एक्सप्रेस
एक गोष्ट कोणी बोलत नाही. त्याच्या जागेवर आलेल्या रॉस डेटवायलरने चौथ्या मॅचला ६ इनिंगमधे एकच रन दिला अन् टीम २-१ जिंकली. पाचव्या निर्णायक मॅचला ६-० वर होते, नवव्या इनिंगमधे बुलपेनच्या (नंतर येणाऱ्या राखीव पिचरांमधल्या) ड्रू स्टोरेनने ४ रन दिले अन् ९-७ ने गेली. आता सांगा त्यात स्ट्रासबर्गने काय केलं असतं? हां, दुसरी मॅच १२-४ अन् तिसरी ८-० ने हारले, तिथं तो असता तर फरक पडला असता, हे मान्य. आपल्या बुमराहचं तर उलटंच झालं, तो नव्हता त्याच दोन टेस्ट जिंकल्या, एजबॅस्टन अन् ओव्हल. म्हणून काय बुमराह नको म्हणायचं का?

भुसावळचा_भो
बसवायला माझी ना नाहीच. माझं म्हणणं १६० च इनिंग द्यायच्या होत्या तर त्या एप्रिलपासून सरसकट काबरं खर्च केल्या? २८ मॅच टाकल्या त्याने, एकेका मॅचला साडेपाच-सहा इनिंग. सुरुवातीला ५ मॅच उशिरा आणला असता तर ऑक्टोबरसाठी जवळपास ३० इनिंग शिल्लक राह्यल्या असत्या, प्लेऑफच्या चार-पाच मॅच सहज निघतात त्यात.

धुळ्याची_फिजिओ
रिझोचं म्हणणं हेच होतं की थांब-चाल नको, पिचरने रुटीनमधे सलग टाकावं.

चाळीसगाव_एक्सप्रेस
भो तुझा प्लॅन त्याच वर्षी त्यांच्याच गटातल्या टीमने केला होता. अटलांटाचा क्रिस मेडलेन, त्याची पण २०१० चीच टॉमी जॉन. त्याला जुलैपर्यंत बुलपेनमधे थोडं थोडं वापरलं, मग स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) केला, स्टार्टर म्हणून एकही मॅच हारला नाही रेग्युलर सीझनला. मग वाइल्ड कार्डची, म्हणजे पुढं जायला जिंकावीच लागणारी एकच मॅच, कार्डिनल्ससमोरच, अन् हारले. २०१४ ला मेडलेनचं तेच कोपर परत गेलं, दुसरी सर्जरी. स्ट्रासबर्ग मात्र २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा (फायनलचा) एमव्हीपी, म्हणजे बेस्ट प्लेअर झाला, सहाव्या मॅचला ह्यूस्टनमधे जाऊन ८ च्या वर इनिंग टाकल्या.

रावेर_केळीवाला
अन् मग २४५ मिलियन डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन ८ मॅच टाकल्या नि २०२४ ला रिटायर. तो आराम कुठं गेला मग?

धुळ्याची_फिजिओ
ते कोपर नव्हतं दादा, थोरॅसिक आउटलेट, गळ्याच्या हाडाखाली नस दबते ते. न्यूयॉर्क मेट्सचा पिचर मॅट हार्वे, त्यालाही तेच झालं, अन् त्याला कोपराच्या सर्जरीनंतर २०१५ ला २१६ इनिंग टाकायला लावल्या होत्या. एकाला बसवला एकाला दाबून खेळवला, दोघांची नस दबलीच. त्यामुळे २०१२ चा हिशोब २०२४ वरून लावू नका, भोचा एप्रिलचा मुद्दा तेवढा मला पटला.