पालवी, मोहोर, नवती: थंडी सरताना झाडाला नेमकं काय येतं?

प्रश्न
फेब्रुवारी लागला की पेपरात ‘वसंताची चाहूल’ ठरलेली. चाहूल म्हणजे कुणी येत असल्याचा कानोसा, इथे तर सगळं डोळ्यांना दिसतंय. आमच्या बोळातल्या पिंपळाला तांबूस, तुकतुकीत पानं फुटलीत. ‘कोंब’ म्हटलं तर मोड आलेली मटकी आठवते, ‘मोहोर’ तर फुलांचा. मग याला म्हणायचं काय?

पुणेकर
पालवीच. मूळ शब्द पल्लव. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त, म्हणून तो तांबूसपणा. मार्चमध्ये घाटात कुसुंब लांबून लालभडक फुललेला वाटतो. जवळ जाऊन बघा, ती फुलं नसतात, पालवी असते. क्रियापदही आहे: पिंपळ पालवतो, आंबा मोहरतो.

रत्नागिरीकर
पालवीचं कौतुक कवितेत ठीक आहे हो. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत हापूसच्या कलमाला पालवी आली की बागायतदाराचं तोंड उतरतं. थंडी नीट पडली तर मोहोर, नाहीतर पालवी, असा तो हिशेब. आधी बोंगे म्हणजे फुगलेले कोंब फुटतात, मग मोहोर, मग कणी म्हणजे अगदी बारीक फळ, पुढे वाटाणा, गोटी असं फळ मोठं होत जातं. तुडतुडे लागले की मोहोर चिकट होऊन काळा पडतो. त्यात पुनर्मोहोर नावाचं एक दुखणं आहे: कणी धरलेली असताना पुन्हा थंडी वाढली की त्याच फांदीला नवा मोहोर येतो आणि आधीची कणी गळते. ‘मोहोर आला’ ऐकून आनंद व्हायचा की पोटात गोळा यायचा, ते कितवा मोहोर त्यावर.

अमरावतीकर
संत्र्याला मोहोर म्हणत नाहीत, बहार म्हणतात. बोलताना नुसतं ‘बार’. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, आंब्याच्या मोहोराच्या वेळचा म्हणून आंबिया. जून-जुलैचा तो मृग. आंबिया आपोआप येत नाही, डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो, पानं मलूल झाली की ताण सोडायचा. मग फुलं येतात, सोबत कोवळी पानं. त्या पानांना आम्ही ‘नवती’ म्हणतो. ‘नवतीवर मावा आलाय’ (मावा म्हणजे कीड) हे वाक्य या दिवसांत कुठल्याही कृषी केंद्रात ऐकू येईल. मला पालवीपेक्षा हाच शब्द आवडतो.

पंचांगवाले काका
वसंतपंचमी माघात आणि माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर. 2024 साली पंचमी 14 फेब्रुवारीला होती, पाडवा 9 एप्रिलला. म्हणजे वसंताच्या नावाचा सण वसंताच्या जवळजवळ दोन महिने आधी! हवामान खात्याच्या खात्यात तर वसंत नाहीच, फेब्रुवारीपर्यंत हिवाळा आणि मार्चपासून थेट मोसमी पावसापूर्वीचा काळ. तेव्हा ‘चाहूल’ म्हणणाऱ्या वार्ताहराला मी माफ करतो. बिचारा दुसरं काय म्हणणार?

नागपूरकर
होळी जळाली, थंडी पळाली. विषय संपला.

मूळ प्रश्नकर्ती
संपला नाही. काजूला मोहोर म्हणतात का? आणि फणसाला?

रत्नागिरीकर
काजूला मोहोरच, ताई. फणसाचा मोहोर कुणी म्हणत नाही. त्याला बुंध्यावर थेट कुयऱ्या लागतात, त्यांची भाजी होते.