फवारणीच्या औषधाची तपासणी मेंदूच्या ऑर्गनॉइडवर? आधी हे वाचा

पेशीशाळा_जळगाव
परवा इथं एकाने लिहिलं, ‘माणसाच्या मेंदूचे गोळे प्रयोगशाळेत वाढतात. फवारणीचं प्रत्येक औषध त्यांच्यावर आठ दिवसांत तपासा, उंदीर मारणं बंद करा.’ ते वाचून गप्प बसवलं नाही.

आठ दिवसांत गोळा, म्हणजे ऑर्गनॉइड, तयारच होत नाही. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांच्या पद्धतीने रक्ताच्या किंवा कातडीच्या पेशी मूळपेशी करून घ्यायच्या, हे काम वेगळं. पुढे 96 खणांच्या न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये खणाला साधारण 9,000 पेशी. पहिल्या दिवशी रॉक इनहिबिटर हे पेशी जगवणारं रसायन विसरलात तर सुट्या पेशी मरतात. सहाव्या दिवसाच्या सुमारास माध्यम बदलायचं, अकराव्याला मॅट्रिजेल या जेलीच्या थेंबात बसवायचं, मग शेकर या हलवणाऱ्या यंत्रावर मिनिटाला 85च्या आसपास फेरे. अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या आधारपेशी नीट दिसायला महिने लागतात. रक्तवाहिन्या नसल्याने गोळा मोठा झाला की आतला भाग प्राणवायूवाचून मरतो. मग मेलेल्या पेशी मोजताना औषधाने किती मेल्या आणि गुदमरून किती, हे वेगळं कसं करणार? आणि मॅट्रिजेल येतं उंदराच्या गाठीतूनच. त्याचा लॉट बदलला की गोळेही बदलतात.

सगळ्यात मोठी अडचण यकृताची. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक शरीरात गेलं की मुख्यतः यकृत त्याचं ऑक्सॉन हे जास्त विषारी रूप करतं आणि मज्जातंतूंना लागणारं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतं ते ऑक्सॉन. गोळ्याला यकृत नाही. मूळ औषध टाकून ‘सुरक्षित’ असा शिक्का मारला तर उद्या त्याच शिक्क्यावर विक्री होईल.

विषशास्त्र_धुळे
दादा, पायऱ्या बरोबर, निष्कर्ष चूक. ऑक्सॉन वेगळं मिळतं, तेच टाका. किंवा यकृताच्या एन्झाइमांचा एस-9 अर्क, तो चालायला लागणाऱ्या एनएडीपीएचसोबत घाला. मात्र एस-9 जास्त वेळ ठेवला तर तो स्वतःच पेशी मारतो, म्हणून आधी दुसऱ्या भांड्यात औषधाचं ऑक्सॉन करून मग ते पाणी गोळ्यांना द्यायचं. कोलिनएस्टरेज एलमन या रंग मोजण्याच्या पद्धतीने 412 नॅनोमीटरवर मोजा. औषध विरघळवणारं डीएमएसओ 0.1 टक्क्याच्या वर नको. क्लोरपायरीफॉस तेलकट, प्लास्टिकला चिकटतं. बाटलीवर लिहिलेली मात्रा आणि पेशींना पोचलेली मात्रा यांत मोठं अंतर पडतं, म्हणून माध्यमातली मात्रा मोजल्याशिवाय आकडा छापू नये.

आणि उंदरावर एवढा विश्वास कशाला? 1982 साली कॅलिफोर्नियात एमपीटीपी या रसायनामुळे तरुणांना पार्किन्सनसारखा आजार झाला, मोठ्या उंदराला त्याच पदार्थाने फारसं काही होत नाही. त्याचं विष बनतं अ‍ॅस्ट्रोसाइटमध्ये. आपल्याकडे तणावर मारतात त्या पॅराक्वाटची रचना त्याच विषाशी मिळतीजुळती आहे. ऑर्गनोफॉस्फेटने, म्हणजे क्लोरपायरीफॉसच्या जातीच्या औषधांनी, काही आठवड्यांनी पाय लुळे पडतात, ते उंदरात नीट दिसत नाही म्हणून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 418 नंबरची चाचणी कोंबडीवर करतात, एक डोस आणि 21 दिवस निरीक्षण. वाढत्या मेंदूसाठी 426 नंबर, त्यात प्रत्येक मात्रेला उंदरांची 20 वेतं. एवढा खर्च म्हणून बहुतेक रसायनांची ती चाचणी झालेलीच नाही. ओईसीडीने 2023 मध्ये पेशींवरच्या चाचण्यांचा संच सुचवला तो याचसाठी.

कापूस_अमळनेर
तुम्ही दोघं एका-एका औषधावर भांडताय. कपाशीवर एकटं औषध कोण मारतं? पंपात तीन-तीन, वर टॉनिक, वर स्टिकर. प्रोफेनोफॉस 40 आणि सायपरमेथ्रिन 4 टक्के ही दोन कीटकनाशकं तर एकाच बाटलीत मिळतं. प्रोफेनोफॉस कार्बोक्सिलएस्टरेज हे शरीरातलं एन्झाइम अडवतं, आणि सायपरमेथ्रिन मोडायचं काम तेच करतं. म्हणजे दोन्ही मिळून माणसाला जास्त बाधतं. डब्यावरचा त्रिकोण त्या एका मालाच्या उंदरावरच्या मारक मात्रेवरून ठरतो: किलो वजनाला लाल 50 मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा 500, निळा 5,000, त्यावर हिरवा. पंपातल्या काल्याला कोणता त्रिकोण?

सेवाकेंद्र_चोपडा
दुकानदाराकडे बोट नको. आम्ही जार टेस्ट करून देतो. बरणीत पाणी, आधी भुकटी, मग एससी (पाण्यातलं दाट औषध), शेवटी ईसी (तेलकट औषध), अर्धा तास ठेवायचं. फाटलं नाही तर चालतं.

कापूस_अमळनेर
भाऊ, बरणीत न फाटणं म्हणजे नोझल तुंबणार नाही, एवढंच. माणसाच्या अंगात काय होईल ते बरणी कशी सांगणार? तरी सल्ला तुमच्याच गल्ल्यावरून जातो.

सेवाकेंद्र_चोपडा
मग शेतकऱ्याने लेबल वाचावं! चार औषधं मागतो तोच. आम्ही नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानातून घेतो.

विषशास्त्र_धुळे
लेबल वाचायला ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. बारीक अक्षरांत चुरगळलेला कागद देऊन जबाबदारी फवारणाऱ्यावर ढकलू नका. आणि विषबाधा झाली तर दवाखान्यात रिकामा डबा न्या. ऑर्गनोफॉस्फेटला छाती मोकळी होईपर्यंत अ‍ॅट्रोपिन, सोबत पॅम हे दुसरं उताऱ्याचं औषध. सायपरमेथ्रिनला उतारा नाही. पॅराक्वाटला नाहीच, आणि तिथे गरज नसताना प्राणवायू लावला तर फुप्फुसं आणखी बिघडतात. डबा नसेल तर डॉक्टर कशावर उपचार करणार?

पेशीशाळा_जळगाव
कोंबडीचं आणि एमपीटीपीचं मान्य करतो. ऑक्सॉन टाकायचंही मान्य. पण मिश्रणाच्या प्रश्नावर माझीच बाजू पक्की होते. कार्बोक्सिलएस्टरेजचं मुख्य काम यकृतात, म्हणजे अमळनेरवाल्यांचा काला गोळ्याला कळणारच नाही. पहिल्या चाळणीला ऑर्गनॉइड वापरा. नोंदणीचा निकाल एकट्या त्याच्यावर लावायला माझा विरोध कायम.

विषशास्त्र_धुळे
एकट्या त्याच्यावर लावा, असं मी कुठं म्हटलं? यकृताच्या पेशी आणि मेंदूचे गोळे एकाच माध्यमाने जोडलेल्या चिप आहेत, काला त्यावर चालवा. नुसतं ‘यकृत नाही’ म्हणून फाइल बंद करू नका.

वावर_शिरपूर
आमना वावरमां फवारा मारनारले कोन इचारस? चिप येईल तेव्हा येईल. या हंगामात काय करायचं ते सांगा.

विषशास्त्र_धुळे
हंगामाआधी, निदान महिनाभर औषधाशी संबंध नसताना, रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजून ठेवा. तो त्या माणसाचा स्वतःचा आकडा. माणसामाणसांत इतका फरक असतो की लॅबच्या ‘नॉर्मल’शी तुलना उपयोगाची नाही. हंगामात त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. कॅलिफोर्नियाच्या नियमात तांबड्या पेशींतलं प्रमाण मूळ आकड्याच्या 80 टक्क्यांखाली गेलं की कामाची पद्धत तपासतात, 70 किंवा खाली गेलं की माणसाला फवारणीवरून काढतात आणि 80 वर आल्याशिवाय परत घेत नाहीत. पायरेथ्रॉइड, म्हणजे सायपरमेथ्रिनच्या जातीचं औषध, यात दिसत नाही, हे लक्षात ठेवा.