मुलुंड-भांडुपकडे पार्किंगसह वन बीएचके, सल्ला हवा

लालबागकर८१
मुलुंड, नाहूर, भांडुप या पट्ट्यात रीसेल वन बीएचके बघतोय. बजेट सव्वा कोटी, स्टॅम्प ड्युटी धरून. त्यापुढे जमणार नाही. बाबांचे दोन्ही गुडघे बदललेत, त्यामुळे गाडी (वॅगनआर) लिफ्टजवळ लागायला हवी. ब्रोकर दाखवतोय ती सगळी स्टॅक पार्किंगची (मशीनवर एकावर एक गाड्या) घरं. काय बघू?

चेंबूरवासी
स्टॅक अजिबात नको. आमची जागा वरची. सकाळी साडेसहाला निघायचं तर खालच्या गाडीवाल्याला उठवायचं. तो डोळे चोळत येईपर्यंत वॉचमन मशीनची चावी शोधत असतो. बायको रिक्षा करून निघूनही जाते.

घोडबंदरी
आमच्याकडे या. टू बीएचके, पोडियम पार्किंग (इमारतीच्या खालच्या मजल्यांवर), एक कोटी साठ. थोडं ताणा, घर एकदाच होतं.

रोजचा_प्रवासी
बजेट वाचलंत का? आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये काकांचे गुडघे आखडतील. मुळात मुंबईत गाडी हवी कशाला?

घोडबंदरी
मेट्रो झाली की बघा.

रोजचा_प्रवासी
हे मी फ्लॅट बुक केला तेव्हापासून ऐकतोय.

कागद_बघा
मुद्द्याचं बोलू. स्टिल्ट (इमारतीखालची, खांबांमधली) आणि उघडी पार्किंग बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद खटल्यात दिला. रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्यानंतरच्या प्रकल्पांत छताखालची पार्किंग विकता येते, उघडी नाही. एप्रिल २०२४ पासून महारेराने (त्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) करारात पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, ठिकाण लिहायला लावलंय. तुमचं रीसेल आहे, तेव्हा सोसायटीचं अलॉटमेंट लेटर मागा आणि पार्किंग रजिस्टर स्वतः बघा. 'फ्लॅटसोबत पार्किंग आहेच' हे ब्रोकरचं बोलणं धरू नका. जागा कमी पडल्या तर उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात.

भांडुप_टेकडी
चिठ्ठीवाली सोसायटी तर टाळाच. तीन वर्षं आमचा नंबर लागला नाही. गाडी रस्त्यावर, दोनदा टोइंगवाले घेऊन गेले.

मेजरटेप
वॅगनआर छोटी वाटते, पण उंची १६७५ मिमी. मामेभावाच्या स्टॅकमध्ये फक्त सेडान बसायची, कळलं टोकन दिल्यावर. टेप घेऊन जा. खांबालगतची जागाही नको, दार वीतभर उघडतं. काकांना दोन्ही पाय एकदम बाहेर काढून उतरावं लागणार, म्हणजे दार पूर्ण उघडायला हवं.

नाहूरची_ताई
स्टॅक नकोच. खालची गाडी खड्ड्यात उतरते तिथे पावसात पाणी भरतं.

लालबागकर८१
सगळ्यांचे आभार. काल टोकन दिलं. मुलुंड पूर्व, जुनी चार मजली इमारत, लिफ्ट आहे, एक कोटी बारा लाख. पार्किंग उघडी आणि चिठ्ठीची. भांडुपकर, तुम्ही नको म्हणालात, पण रजिस्टर मागून पाहिलं: जागा तेरा, गाड्या अकरा. बाबांना सोबत नेलं होतं. दार पूर्ण उघडलं, ते उतरले आणि भिंतीला हात लावत लिफ्टपर्यंत गेले, वाटेत एकही पायरी नाही. वर जाऊन खिडकीतून खाली बघत म्हणाले, "गाडी दिसते इथून."

भांडुप_टेकडी
चौदावी गाडी आली की मग सांगा. पण अभिनंदन, काकांना नमस्कार.