पारा ‘साठतो’ की ‘चढतो’?

प्रश्न: तळ्यातल्या माशांमधल्या पाऱ्याबद्दल लिहिते आहे. ‘जैवसंचय’ आणि ‘जैवविशालन’ हे शब्द मला बऱ्याचदा एकाच अर्थाने वापरलेले दिसले. ते एकच का? आणि ‘विशालन’ला सोपा शब्द आहे का?

उत्तर: एकच नाहीत, ही गल्लत टाळाच. संचय एका जिवाच्या अंगात होतो. जेवढा पारा आत येतो तेवढा बाहेर पडत नाही, म्हणून एकाच जातीच्या माशांत म्हाताऱ्याच्या अंगात सहसा पिल्लापेक्षा जास्त पारा सापडतो. विशालन मात्र खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्यामधलं. तळाच्या गाळात, जिथे प्राणवायू नसतो तिथे, काही जिवाणू पाऱ्यापासून मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं एक विषारी संयुग, तयार करतात. पाण्यात तो इतका विरळ की लिटरमागे नॅनोग्रॅमच्याही अंशात मोजावा लागतो. तिथून सूक्ष्म शैवालात शिरताना एकदम लाखभर पट वाढ होते. ही सर्वांत मोठी उडी, पण तिला विशालन म्हणू नये, कारण तिथे कुणी कुणाला खाल्लेलं नसतं. पुढे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), छोटे मासे, त्यांना गिळणारे मोठे मासे, अशी दर पायरीला काही पट वाढ होते, ते विशालन.

सोपा शब्द हवा तर ‘चढणे’ घ्या. आपल्याकडे व्याज चढतं, विषही चढतं.

दुसरे उत्तर: ‘चढणे’ आवडलं, पण नुसतं ‘पारा चढतो’ लिहिलंत तर वाचक राग किंवा उन्हाळा समजेल. ‘पाऱ्याचं प्रमाण पायरीगणिक चढत जातं’ असं लिहा. ‘अन्नसाखळी’पेक्षा ‘अन्नजाळे’ बरं. एकच मासा लहानपणी प्लवक खातो, मग किड्यांच्या अळ्या, मोठेपणी दुसरे मासे. काही अळ्यांना पंख फुटतात, त्या किड्यांना काठावरचे कोळी पकडतात, कोळ्यांना पक्षी टिपतात, आणि पारा तळ्याबाहेर पडतो. साखळीत हे मावत नाही.

आणि कृपा करून ‘चरबीत साठतो’ लिहू नका. ते डीडीटी या कीटकनाशकाचं. मिथिल पारा प्रथिनांना चिकटतो, थेट मांसात. चरबी काढली, मासा शिजवला, तरी तो जात नाही.

प्रश्नकर्ती: आभार. मी चरबीच लिहिलं होतं! ‘विषारी पाणी’ हा मथळाही बदलते. पाणी पिण्याच्या निकषांत बसत असलं तरी त्यातला मोठा मासा खाण्याजोगा नसू शकतो.