दान्ते वाचायचा की डोरे बघायचा?

सांजवात: "'इन्फर्नो' वाचत बसू नका, गुस्ताव डोरेची चित्रं बघा, सगळं त्यात आलंय." कालची ही पोस्ट डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. 'इन्फर्नो' म्हणजे इटालियन कवी दान्तेचं नरकयात्रेचं काव्य, आणि डोरे त्याची चित्रं काढणारा फ्रेंच चित्रकार. तेरावा सर्ग घ्या. रानात रडणं ऐकू येतंय, माणूस कुठेच नाही. वाटाड्या कवी व्हर्जिलच्या सांगण्यावरून दान्ते एक डहाळी मोडतो आणि मोडल्या जागेतून शब्द आणि रक्त एकदमच बाहेर येतं. तेव्हा कळतं, ही झाडं म्हणजे आत्महत्या केलेली माणसं. डोरेने खोडांनाच हातपाय, धड काढून ठेवलं! धक्का गेला, म्हणजे सर्गच गेला.

पारावरचा: पोस्ट माझीच. दहावीत रद्दीच्या दुकानात हे पुस्तक हाती लागलं आणि त्या झाडांनी मला धरून ठेवलं. काव्य नंतर वाचलं. चित्रं नसती तर तेराव्या सर्गापर्यंत पोचलोच नसतो. एवढ्या महागड्या पुस्तकाला प्रकाशक धजेना, तेव्हा १८६१ मध्ये डोरेने पदरचे पैसे घालून ते काढलं. अशा माणसाने सर्ग घालवला म्हणता?

ब्लॉकवाल्याची लेक: दोघंही 'डोरेने काढलं' म्हणताय. चित्रांचा खालचा उजवा कोपरा बघा, किती ठिकाणी 'पिझाँ' अशी सही आहे! डोरे लाकडी ठोकळ्यावर ब्रशने छटा द्यायचा. त्या छटांच्या रेघा पिझाँसारख्या कारागिरांनी कोरल्या, आणि कोरता कोरता डोरेच्या हातचं चित्र नाहीसं व्हायचं. माझे बाबा पुण्यात ३० वर्षं चित्रं छापायचे झिंकचे ब्लॉक करायचे. अॅसिडने बोटं कायम पिवळी. एका दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाचं फार कौतुक झालं. आत चित्रकाराचं नाव, मुद्रकाचं नाव. बाबांनी अंक तीनदा चाळला.

सांजवात: वाईट वाटलं, पण विषय दान्तेचा आहे. कारागिराला मजुरी मिळाली ना?

ब्लॉकवाल्याची लेक: मजुरी? जरा जपून बोला. शब्दाशब्दासाठी दान्तेची बाजू घेता, आणि रेघेरेघेला जीव लावणारा तुमच्या लेखी मजूर? आमच्या घरात हा शब्द फार ऐकलाय.

पारावरचा: ताईंचं खरं आहे. आत्ता भिंग घेऊन बसलो. पुस्तक २० वर्षं घरात आहे, पण हे कधी दिसलंच नव्हतं. काळ्यातून बारीक पांढऱ्या रेघा काढत उजेड आणलाय. दाट अंधार म्हणजे जिथे कोरलंच नाही ती जागा.

सांजवात: 'मजुरी' मागे घेतो, चुकलं माझं. झाडांबद्दल मात्र शब्द फिरवणार नाही, कोरीव काम कितीही अप्रतिम असो. 'पारादिसो'तल्या, म्हणजे दान्तेच्या स्वर्गाच्या भागातल्या, डोरेने काढलेल्या देवदूतांच्या वर्तुळांपुढे, बरं, मी गप्प बसतो. तिथे दान्तेही शब्द तोकडे पडतात म्हणतो.

ब्लॉकवाल्याची लेक: आणि कालच्या पोस्टमधल्या चित्राचा उजवा कोपरा कुठे गेला?

पारावरचा: मीच कातरला, चौकटीत बसेना म्हणून. पूर्ण चित्र पुन्हा टाकतो.