मदत हवी आहे: भोंग्याच्या आत परत फिरणारा आवाज मोजतोय, स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) दोन एको दिसतात, कुठला कशाचा?

मंडळी, ऑडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी जरा बघा प्लीज.

मित्राची मंडप आणि साउंडची सर्व्हिस आहे. त्याच्याकडे जुने ॲल्युमिनियमचे लांब भोंगे आहेत, आत वळवलेले नाहीत, सरळ फुलासारखे उघडणारे, मागे युनिट (आवाज तयार करणारा भाग) फिरवून बसवायचं. आवाज लांबवर जातो पण भजन लावा नाहीतर भाषण, माणूस नाक चिमटीत धरून बोलतोय असं वाटतं. युनिट बदलून पाहिलं, तरी तेच. मित्राचं मत आहे की भोंग्याचं तोंड लहान पडतंय, फायबरवाल्याकडून पुढे मोठी कड लावून घेऊ. सगळ्या भोंग्यांना कडा म्हणजे खर्च आलाच, म्हणून मी म्हटलं थांब, आवाज नक्की कुठून परत फिरतोय ते आधी मोजू.

मापं अशी: लांबी ७५ सेंमी, तोंड ४० सेंमी, युनिट लागतं तिथे आतला व्यास २२ मिमी. एक्स्पोनेन्शियल हॉर्न (ठरावीक अंतराला ठरावीक पटीने रुंदावणारा भोंगा) धरून गणित केलं तर कट-ऑफ, म्हणजे ज्याच्या खाली भोंगा नीट चालत नाही ती फ्रिक्वेन्सी, २१५ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि तोंडाचा घेर त्या फ्रिक्वेन्सीच्या वेव्हलेंग्थएवढा हवा म्हणजे व्यास साधारण ५२ सेंमी लागेल. आपल्याकडे ४० आहे. म्हणजे मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये, पण नाकातला आवाज २१५ ला थोडीच असतो, तो चांगला वर कुठेतरी हजारच्या अलीकडेपलीकडे असणार असं माझं कान सांगतो.

सर्किट घरीच केलंय. ५५५ टायमरमधून ५० मायक्रोसेकंदाचा पल्स, सेकंदाला दहा वेळा, तो टीडीए२०३० च्या छोट्या ॲम्प्लिफायरमधून युनिटला. युनिटच्या तोंडाला अगदी लागून पाइपला २ मिमीचं भोक पाडून बाहेरून कंडेन्सर माइकची कॅप्सूल रबरात बसवली, ९ व्होल्टची बॅटरी, २.२ के चा रेझिस्टर, पुढे माइकचा सिग्नल वाढवायला टीएल०७२. स्कोप जुना ॲनालॉग आहे, ट्रिगर सरळ ५५५ वरून घेतला. स्कोपऐवजी आर्डुइनोचा (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) विचार केला होता पण साध्या ॲनालॉगरीडने सेकंदाला दहा हजारसुद्धा सॅम्पल मिळत नाहीत, म्हणजे दोन सॅम्पलमध्ये शंभर मायक्रोसेकंद, तेवढ्यात आवाज साडेतीन सेंमी पुढे गेलेला असतो, सोडून दिलं. भोंगा गच्चीवर आकाशाकडे तोंड करून उभा केलाय, नाहीतर समोरच्या भिंतीचा एको त्यात मिसळतो. (वर टिकटिक चालू असते, खालचे काका दोनदा विचारून गेले की कसला कार्यक्रम आहे.)

आता जे दिसतं ते. मूळ पल्सनंतर युनिट ०.३-०.४ मिलिसेकंद थरथरतं, ते समजू शकतो. मग ०.६ ला एक टोकदार उसळी, उलटी, म्हणजे खाली जाणारी. आणि मग बऱ्याच वेळाने एक बोथट, लोळलेला फुगवटा, तोही उलटाच, साधारण ४.५ ला सुरू होऊन ६ च्या पुढे रेंगाळतो. तोंडापर्यंत जाऊन येऊन १५० सेंमी, २८ अंशाला आवाजाचा वेग ३४८ धरला तर ४.३ यायला हवा होता. मग हा फुगवटा तोंडाचाच की दुसरंच काही? इतका उशिरा आणि इतका पसरट का? आणि ती ०.६ वाली उसळी युनिटच्या डायफ्रामचीच (आतल्या पडद्याचीच) थरथर आहे की खरंच एको आहे? कोणी असलं काही मोजलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १:

भाऊ, काम छान चाललंय. पहिलं म्हणजे माइकवर विश्वास ठेवू नका. युनिटच्या तोंडाशी दाब प्रचंड असतो, साधी कॅप्सूल तिथे सहज क्लिप होते (सिग्नलची टोकं कापली जातात) आणि मग स्कोपवर काहीही नक्षी दिसते. ॲम्प्लिफायर निम्म्यावर आणा. चित्र जसंच्या तसं फक्त निम्मं झालं तर ठीक, आकार बदलला तर अजून खाली आणा.

फुगवट्याचं म्हणाल तर तो तोंडाचाच असावा आणि तसाच दिसायला हवा. तोंडाचा घेर सव्वा मीटर, म्हणजे साधारण २७५ हर्ट्झच्या खाली तोंडावरून भरपूर परत येतं, हजारच्या वर जवळजवळ सगळं बाहेर निघून जातं. परत येणाऱ्यात तिखट भागच नाही तर उसळी टोकदार कुठून होणार? शिवाय एक्स्पोनेन्शियल हॉर्नमध्ये कट-ऑफच्या जवळच्या फ्रिक्वेन्सी हळू सरकतात (१९१९ सालच्या वेबस्टरच्या हॉर्नच्या समीकरणातून हे निघतं), म्हणून खालचा भाग मागून रेंगाळत येतो. खात्री करायची तर तोंडावर जेवायचा लाकडी पाट नाहीतर जाड प्लायवूड घट्ट दाबून धरा. बंद तोंडावरून सगळंच परत येतं आणि ते सुलटं येतं. फुगवटा पालटून टोकदार झाला तर प्रश्न मिटला.

०.६ साठी भोंगा काढा आणि युनिटला माइकवाल्या तुकड्याऐवजी शेतीचा एचडीपीई पाइप लावा, आतला व्यास २२ च्या जितका जवळ मिळेल तितका, माइकचं भोक तसंच युनिटला लागून. पाइप पंधरा-वीस मीटर असला तरी पुष्कळ, गुंडाळी तशीच राहू द्या, टोकात लोकर नाहीतर फोमचा लांब निमुळता बोळा. पंधरा मीटरच्या टोकावरून एको यायला ८५ मिलिसेकंद लागतात, तोवर जे दिसेल ते एकट्या युनिटचं. ०.६ तिथेही राहिलं तर डायफ्राम, गेलं तर भोंगा. उलटी उसळी म्हणजे तिथे रस्ता अचानक रुंद होतोय, सुलटी असती तर अरुंद. ०.६ मिलिसेकंदात आवाज जाऊन येऊन साधारण २० सेंमी जातो, तेव्हा १० सेंमीवर काय आहे ते बघा.

प्रतिसाद २:

लॅपटॉप असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, हाच माइक यूएसबी साउंडकार्डला लावून लॉग स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा सूर) मारा, पल्सपेक्षा सिग्नल कितीतरी चांगला मिळतो आणि डिस्टॉर्शन वेगळं काढता येतं. लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये मात्र नॉइज सप्रेशन असतं, ते आधी बंद करा.

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. स्वीप नंतर करणार, साउंडकार्ड उसनं मिळवावं लागेल. पाट आणि पाइप मात्र करून पाहिलं.

ॲम्प्लिफायर निम्मा केला, आकार तोच. पाट दाबल्याबरोबर फुगवटा सुलटा झाला आणि ४.३ ला चक्क टोक आलं, आईने पाट परत मागितला तोवर चारपाच फोटो काढून घेतले. पाइपवर ०.६ चा मागमूस नाही.

मग भोंगा मागून उघडला. युनिटपासून १० सेंमी सरळ नळी आहे, आतून २२ मिमी, आणि ती जिथे भोंग्यात घुसते तिथे भोंगा ३० मिमीपासून सुरू होतो. उघडी पायरी! क्षेत्रफळाचं गणित केलं तर दाबाचा ३० टक्के भाग उलटा होऊन परत फिरतो. त्यात एका बाजूला युनिट, दुसऱ्या बाजूला ही पायरी, मध्ये १० सेंमी, ती पाव वेव्हलेंग्थ धरली तर ८७० हर्ट्झ निघतात. नाक तिथेच आहे.

तेव्हा फायबरचं काम तूर्त थांबवलंय. लेथवाल्याकडून नवा तुकडा करून घ्यायचाय, आतून युनिटकडे २२ आणि भोंग्याकडे ३०. वाढीचा दर बघितला तर १० सेंमीवर व्यास ३२ च्या आसपास हवाच होता, म्हणजे पूर्ण १० सेंमीभर उतार दिला तर भोंग्याच्या वळणाला बऱ्यापैकी जुळेल. लेथवाला म्हणतो सरळ शंकूच्या आकाराचं बोअरिंग सोपं, वक्र नको. इतक्या छोट्या लांबीत सरळ उतार चालून जाईल ना? आणि ॲल्युमिनियमऐवजी नायलॉनचा रॉड घेतला तर काही फरक पडेल का?

प्रतिसाद १:

सरळ उतार बिनधास्त चालेल, १० सेंमीत वक्र आणि शंकू यात मिलिमीटरभराचासुद्धा फरक नाही. नायलॉनही चालेल, पण युनिटचे आटे त्यात लवकर घासतात, मित्र रोज युनिट काढून घालत असेल तर ॲल्युमिनियमच घ्या. जोडाला गॅस्केट बसवाल तेव्हा ते आत डोकावत नाही ना ते बोट फिरवून बघा, नाहीतर पुढच्या वेळी सुलटी उसळी दिसेल.