रायडरवर बंदी, वस्ताद मात्र नव्या टीमच्या गाडीत

टिळकवाडी_पेलोटन
सायकल रेसिंगच्या २०२६ च्या सीझनला टीमांची एवढी उलथापालथ झालीय की कोण कुठल्या जर्सीत हे ओळखण्यातच निम्मी रेस संपते. रेम्को इव्हनपूल सूडाल-क्विकस्टेप सोडून रेड बुल टीममध्ये गेला. आयुसो यूएई टीमशी बिनसून लिडल-ट्रेकला. लोट्टो आणि इंटरमार्शे एक झाले, आर्केआ तर बंदच पडली. इस्रायल-प्रीमियर टेक २०२५ च्या वुएल्टातल्या (स्पेनची मोठी रेस) निदर्शनांनंतर नाव बदलून एनएसएन झाली. आपल्या ग्रुपवर दिवसभर हेच. पण रेसमागं धावणाऱ्या टीमच्या गाडीत पुढच्या सीटवर डायरेक्टर म्हणून कोण बसलंय, हे एकानंही विचारलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. डोपिंगमध्ये रायडर सापडतो, बंदी भोगतो, शिव्या खातो. त्याला घडवणारा, चालवणारा माणूस मात्र दुसऱ्या टीमच्या गाडीत बसून पुढच्या वर्षी हजर. रायडर विनोकुरोव्ह २००७ च्या टूर द फ्रान्समध्ये दुसऱ्याचं रक्त चढवल्याबद्दल पकडला गेला, दोन वर्षं बाहेर बसला, आज अस्ताना टीम तोच चालवतो. ब्यार्न रीसनं १९९६ ची टूर ईपीओ (तांबड्या पेशी वाढवणारं औषध) घेऊन जिंकल्याचं २००७ मध्ये कबूल केलं. तेव्हा तो सीएससी टीमचा मालक होता, आणि नंतरही राहिला. २००८ मध्ये रायडर रिक्को पॉझिटिव्ह आला आणि त्याच्या सॉनिएर-दुवाल टीमनं टूर अर्ध्यात सोडली. त्या टीमचा प्रमुख माउरो जियानेत्ती आज अव्वल रायडर पोगाचारच्या यूएईचा प्रमुख आहे. जियानेत्तीला कधी शिक्षा झालेली नाही आणि पोगाचार एकाही टेस्टमध्ये सापडलेला नाही, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर लगेच अंगावर याल.

आपल्याकडे तालमीतल्या पोरानं काही भानगड केली तर गाव आधी विचारतं, वस्ताद कोण? सायकलिंगमध्ये हा प्रश्नच नाही. माझी मागणी: रायडरवर बंदी आली की त्या टीमच्या डायरेक्टरचं आणि डॉक्टरचं लायसन्स वर्षभर निलंबित. पुरावा नंतर बघू.

पीटी_मास्तर_खानापूर
"पुरावा नंतर बघू" म्हणजे काय हो? पोरांनो, मी आयुष्यभर मैदानावर शिट्टी वाजवली. आधी आऊट दे आणि मग बघ, असं आम्ही कधी केलं नाही.

जोनाथन व्हॉटर्सचं काय करणार? आर्मस्ट्राँगच्या यूएस पोस्टल टीममध्ये होता. आपणही डोपिंग केलं, हे त्यानं २०१२ मध्ये जाहीर लिहिलं. पण त्याच माणसानं जी टीम उभी केली, तिथं रायडरांचं रक्त टीम स्वतःच तपासायची. बंदी भोगून आलेल्या डेव्हिड मिलरला त्यानंच घेतलं आणि मिलर पुढं डोपिंगविरुद्ध बोलत राहिला. चोराची पावलं चोरालाच ठाऊक. तुमच्या नियमात हा माणूस पहिल्या दिवशीच बाद होतो.

निपाणीकर
मास्तर, एका व्हॉटर्सवरून अख्ख्या पंगतीला साधू ठरवू नका.
आणि टेस्टचं कौतुक कुणी सांगू नका मला. आर्मस्ट्राँग टेस्टमुळं गेला काय? त्यानं जिंकलेल्या सात टूर गेल्या त्या सोबत्यांच्या साक्षीनं. अकरा जुने टीममेट बोलले, २०१२ मध्ये यूसाडाचा (अमेरिकेची डोपिंगविरोधी संस्था) हजार पानांचा अहवाल आला, तेव्हा खेळ खल्लास. १९९८ चं फेस्तिना टीमचं प्रकरण कसं फुटलं? फ्रान्स-बेल्जियमच्या हद्दीवर कस्टमवाल्यांनी टीमचा मालिशवाला व्हिली व्होए याची गाडी उघडली, आत ईपीओचा साठा. (कर्नाटक-महाराष्ट्र हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर उभं राहिलेल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.) टीमची गाडी, टीमचा माणूस. रायडरांना दोष द्याच, पण तो माल त्यांनी आपल्या खिशातून आणला नव्हता.

जांबोटी_क्लाइंबर
तुम्ही सगळे मॅनेजरला धरून बसलाय, मला तर वेगच पटत नाही. टूरमधला प्लॅटो द बेयचा चढ घ्या. १९९८ मध्ये पँतानी तिथं पळाला, ईपीओचा तो काळ. २०२४ मध्ये पोगाचार त्याच्यापेक्षा साडेतीन मिनिटांच्या आसपास लवकर वर पोचला. जो काळ आपण "डोपवाला" म्हणून हिणवतो त्याच्यापेक्षा आजचे "साफ" लोक जोरात? कुणाला वेड्यात काढूलाय?

कॅम्प_मेकॅनिक
वेगावरून गुन्हा ठरवायचा तर आपल्या जांबोटी रोडचा स्ट्राव्हा ॲपवरचा रेकॉर्ड आधी तपासा. तो भाऊ ऊसाच्या ट्रॉलीमागं लपून गेलाय, अख्ख्या ग्रुपला माहितीये.

थट्टा राहू दे. १९९८ ची सायकल आणि आजची यात फरक किती, ते माझ्या स्टँडवर येऊन बघ. तेव्हा टायर २३ मिमीचे, आज २८-३० मिमीचे आणि तेही कमी हवेवर. हेल्मेट, जर्सी, हँडल सगळं वाऱ्यासाठी घडवलेलं. पण सगळ्यात मोठा फरक पोटात आहे. आजचे रायडर तासाला १०० ते १२० ग्रॅम कार्ब घेतात, माल्टोडेक्स्ट्रिन आणि फ्रुक्टोज एकत्र, कारण दोन्ही आतड्यात वेगवेगळ्या वाटेनं शोषली जातात. पूर्वी याच्या निम्म्यावर भागवायचे. मी ते मिश्रण घरी करून चोर्ला घाटाला नेलं होतं. कणकुंबी यायच्या आधीच पोटात असा गोळा आला की सायकल झाडाला टेकवून बसलो. पोटाला महिनोन् महिने सवय लावावी लागते, ही पण ट्रेनिंगच. शिवाय त्या दिवशी प्लॅटो द बेयला प्रतिस्पर्धी विंगेगार्डनं बराच वेळ पुढं ओढलं, पोगाचार त्याच्या मागं बसला होता.

जांबोटी_क्लाइंबर
ट्रॉलीचा विषय बंद कर मर्दा, ती ट्रॉली माझ्यामागं होती.

टिळकवाडी_पेलोटन
मेकॅनिकभाऊ, तू माझंच काम केलंस. टायर कोण आणतो? कार्बचं गणित कोण मांडतो? टीम. २०२४ च्या टूरमध्ये कार्बन मोनॉक्साइडचं प्रकरण आलं होतं. उंचीवरच्या कॅम्पचा रक्तावर काय परिणाम झाला हे मोजायला रायडर तो वायू थोडासा हुंगतात. मोजण्यापुरतं ठीक, पण पुन्हा पुन्हा हुंगलं तर तांबड्या पेशी वाढू शकतात, म्हणून यूसीआयनं (जागतिक सायकलिंग संघटना) फेब्रुवारी २०२५ पासून वारंवार हुंगण्यावर बंदी घातली. ते यंत्र रायडर घरून पिशवीत घालून आणतो का? चांगल्याचं श्रेय टीमचं असेल तर वाईटाचा वाटाही टीमनंच घ्यायला पाहिजे की.

पीटी_मास्तर_खानापूर
बरं. आता माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक. २०१९ चं ऑपरेशन आडरलास. जर्मनीत एरफुर्टचा डॉक्टर मार्क श्मिट रायडरांचं आणि स्कीवाल्यांचं रक्त काढून साठवायचा, परत चढवायचा. फ्रान्सच्या ग्रुपामा-एफडीजे टीमचा रायडर प्रीडलर यानं तिथं रक्त दिल्याचं कबूल केलं. हा कारभार टीमच्या बाहेरचा. फ्रान्समधल्या डायरेक्टरला वर्षभर घरी कशासाठी बसवायचं?

दोन. रायडर ओइअर लाझ्कानो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तात्पुरता निलंबित झाला, कारण बायोलॉजिकल पासपोर्टमधल्या (रायडरच्या रक्ताच्या तपासण्यांची वर्षानुवर्षांची वही) २०२२ ते २०२४ च्या नोंदी संशयास्पद. ती वर्षं मोव्हिस्टार टीमची. निलंबन आलं तेव्हा जर्सी रेड बुलची. सांगा, कुणाच्या डायरेक्टरला घरी बसवूया? वर तुम्हीच म्हणालात, पुरावा नंतर.

निपाणीकर
हा प्रश्न मात्र पेचाचा आहे. उत्तर दे रे पेलोटन.

शहापूर_सुवर्ण
मधेच बोलतो. युरोपचं चालूच राहील, २०२३ चं दिल्लीचं आठवा. राज्य ॲथलेटिक्स मीटला नाडावाले (भारताची डोपिंगविरोधी संस्था) आल्याचं कळलं आणि १०० मीटर फायनलला एकच पोरगा धावला. बाकीचे गायब, बाथरूममध्ये सिरिंजा. त्या गायब पोरांच्या एका तरी कोचचं नाव तुम्ही कुठं वाचलंय?

पीटी_मास्तर_खानापूर
नाही वाचलं. तिथं मी तुमच्या बाजूनं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला सुई कुठून मिळते हे कोचला ठाऊक नसेल, असं मी तरी मानणार नाही. पण तिशीतला, करोडोंचा करार असलेला रायडर आणि तालुक्याच्या मैदानावरचं पोरगं यांना एका नियमात बसवू नका.

टिळकवाडी_पेलोटन
मास्तर, नियम थोडा बदलतो. लायसन्स जाईल ते ज्या वर्षीच्या नोंदी बिघडल्या त्या वर्षीच्या डायरेक्टर-डॉक्टरचं. आज ते कुठल्याही टीमच्या गाडीत बसलेले असोत. म्हणजे लाझ्कानो दोषी ठरला तर २०२२ ते २०२४ ची माणसं जबाबदार, रेड बुल मोकळी. आणि आडरलाससारखं बाहेरचं प्रकरण असेल तर आपल्याला माहीत नव्हतं हे दाखवायची संधी डायरेक्टरला. पण दाखवायचं त्यानं.

पीटी_मास्तर_खानापूर
"माहीत नव्हतं" हे दाखवणार कसं? नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? हा भाग मला मान्य नाही. वर्षाचा भाग मान्य.

कॅम्प_मेकॅनिक
एक विनंती. डायरेक्टर, डॉक्टर, मालिशवाला सगळे घाला त्या यादीत, फक्त मेकॅनिकला वगळा. आम्ही गरीब माणसं, चेनला तेल घालतो.

निपाणीकर
तुलाच पहिला घालायचा. २०१६ ला बेल्जियमच्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये चोरून बसवलेली मोटर सापडली ती सायकलच्या नळीत सापडली होती, रायडरच्या रक्तात नाही.